विचारायची वेळ

स्पिरिटचा वास आला की मला इंदूरच्या दवाखान्यातला बाबांचा वॉर्ड दिसतो. ते कामाला होते ती मिल बंद पडली, त्याच वर्षी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर रोज सकाळी यायचे, बाबा त्यांच्याशी मिलच्या गप्पा मारायचे. शेवटची वेळ आली तर काय करायचं, हे तेव्हाच बाबांना विचारता आलं असतं. कुणीच विचारलं नाही.

एका दुपारी त्यांचा श्वास थांबला, तेव्हा डॉक्टरांनी आईला विचारलं, "छाती दाबून बघू? जल्दी सांगा."

"काहीही करा डॉक्टरसाब, बस ह्यांना वाचवा."

बरगड्या मोडल्याचा आवाज आम्ही मायलेकींनी ऐकला. बाबा परतले, पण मशीनवर. एक शब्दही न बोलता आठवडाभराने गेले.

आई मरेपर्यंत मला विचारायची, "त्यांना खूप दुखलं असेल ना गं?"