गर्दी नसलेलं गाव

मी एस.टी.त कंट्रोलर होतो. आधी पालमला, मग परभणीच्या स्टँडवर. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा लिहायच्या, माईकवर पुकारा करायचा आणि दिवसभर एकच प्रश्न ऐकायचा, गाडी कधी लागणार. लग्नसराईत, सणासुदीला माणसं खिडकीच्या गजांना लोंबकळायची. कुणी शिव्या द्यायचं, कुणी हात जोडायचं. बाहेर गाडी लागली की खिडकीतून टोप्या, पिशव्या, उपरणी टाकून जागा धरायची मारामारी. तीस-बत्तीस वर्षं हे बघून मला गर्दीचा राग यायचा थांबला आणि किळस यायला लागली. रिटायर झाल्यावर मी बाजाराला जाणं सोडलं. लग्नाला गेलोच तर पहिल्या पंगतीला जेवून अक्षता पडायच्या आत घरी.

बायकोचं उलटं. ती पेडगावकडची, मेंढपाळाच्या घरातली. आमच्या घरातली मेंढरं आजोबांबरोबरच संपली, पण तिचं बालपण सगळं मेंढरांमागं गेलं. खतासाठी आज ह्याच्या शेतात मेंढरं बसवायची, आठ दिवसांनी त्याच्या. ती सांगायची, "दिस दिस माणसाचं तोंड दिसायचं न्हाई. मी मेंढरालाच इचारायचे, जेवलीस का म्हणून." पालमला असताना माझा डबा ती स्वतः घेऊन यायची आणि डबा देऊन घरी जायचं सोडून बाकड्यावर तासभर बसायची. कुणाची सून माहेराला चालली, कुणाचं भांडण झालं, कोण कुणाला गाडीत बसवून रडलं, सगळं तिला माहीत. मला लाज वाटायची. "कंट्रोलरची बायको स्टँडवर बसती, चांगलं दिसतं का?" असं मी एकदा बोललो. त्यानंतर डबा शेजारच्या पोराकरवी यायला लागला.

किराणा दुकानातलं एक कॅलेंडर तिनं स्वयंपाकघरात लावलं होतं. त्यातल्या एका महिन्याला व्हेनिसचं चित्र होतं. पाण्यातली घरं, मध्ये पूल आणि पुलावर मुंगी शिरायला जागा नाही एवढी माणसं. वर्ष सरलं, तिनं बाकीची पानं फाडली, ते ठेवलं. मला वाटलं तिला पाणी आवडलं असेल. आमच्याकडं पाण्याचंच अप्रूप.

आम्हाला एकच मुलगी. ती शिकली, जर्मनीला म्युनिकला नोकरीला लागली. तिनं आम्हा दोघांना बोलावलं, तिकिटं पाठवली, आणि फोनवर आईला विचारलं, "आई, कुठं फिरायचं सांग." ही लगेच म्हणाली, "ते पाण्यातलं गाव." नाव तिला येत नव्हतं. मी शेजारून म्हणालो, "व्हेनिस."

त्या आठवड्यात मी मोबाईलवर वाचत बसलो. युरोपातल्या नावाजलेल्या ठिकाणी किती गर्दी असते, रांगा किती, तिथले लोक पाहुण्यांना कसे वैतागलेत, आणि त्याऐवजी कुठं जावं, याची यादीच होती. ह्या शहराऐवजी ते शहर, ह्या समुद्राऐवजी तो समुद्र. मला एवढा आनंद झाला, की जगात माझ्यासारखी माणसं आहेत. त्यात स्लोव्हेनिया नावाच्या देशातलं डोंगरातलं एक तळं होतं. फोटोत काठावर एक बाक आणि बाकावर कुणी नाही. मी मुलीला ते पाठवलं आणि हेच ठरवून टाक म्हणालो.

ती म्हणाली, "पण बाबा, आईला व्हेनिस..."

"पाणीच पाहायचंय ना तिला? इथं पण पाणीच आहे. आणि श्वास घ्यायला मिळेल."

बायकोला मी फोटो दाखवला. तिनं मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "चांगलं हाय," म्हणाली. मी ते होकारात धरलं.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिथं पोचलो. मुलीनं गाडी चालवली. गाव म्हणजे वीसेक घरं, एक देऊळ त्यांचं, आणि तळं. हंगाम सरला होता, हॉटेलं बंद. आम्ही एका म्हातारीच्या घरात वरच्या मजल्यावर उतरलो, ती खाली राहायची. खिडकी उघडली तर समोर हिरवं कुरण आणि त्यात मेंढरं, गळ्यात घंटा बांधलेली. बायको आधी हरखली. "माय! मेंढरं!" म्हणाली. मग तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि हसायला लागली. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

मला मात्र ते गाव लय आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही विचारत नव्हतं. पहिला दिवस मी नुसता काठावर बसून काढला. ती माझ्या शेजारी बसली, थोड्या वेळानं उठली, गावात चक्कर मारून आली. "एक बी माणूस न्हाई," म्हणाली. "दारं लावून बसलेत समदे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना मुलगी सहज बोलून गेली, की इथून व्हेनिस गाडीनं तीन तासांवर आहे. पहाटे निघालं तर दिवसभर बघून परत येता येईल. बायकोचा घास हातातच राहिला. "तीन घंटे? मंग जाऊ की उद्या."

मी म्हणालो, "कशाला? एका दिवसासाठी त्या गर्दीत?"

मुलगी ताटं उचलून आत गेली. बायको म्हणाली, "तुमी गर्दीला कटाळलात, ते मला म्हाईत हाय. पण मी कधी व्हते हो गर्दीत? आधी रान, मंग तुमचं घर. समदं जग जिथं जातंय तिथं एकदा जायचंय मला."

"धक्के खायला?"

"व्हय. धक्के खायला."

मी तेव्हा बोललो ते वाक्य आता लिहितानाही हात अडतो. मी म्हणालो, "मेंढरामागं फिरणारीला व्हेनिस कशाला पायजे?"

ती उठली. हात धुतले, आत गेली, भिंतीकडं तोंड करून झोपली.

सकाळी मुलगी सातलाच, आम्ही दोघं झोपेत असताना, सामान आणायला शहरात गेली. मी उठलो तेव्हा बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती, पाठमोरी. मी विचारलं, "झोप झाली का?" उत्तर नाही. "चहा घेतलास का?" उत्तर नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तिचा रुसवा मला ठाऊक होता. दोन-दोन दिवस ती माझ्याशी बोलायची नाही, भिंतीला सांगायची की जेवण वाढलंय. मी मनात म्हटलं, बस आता रुसून. मी पुढं जाऊन तिचं तोंड पाहिलं नाही. कोट घातला आणि फिरायला निघालो.

तळ्याला अर्धी फेरी मारून आलो. धुकं होतं, पाणी स्थिर, एक पक्षीही बोलत नव्हता. मी सुखी होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दोन तासांइतका सुखी मी फार कमी वेळा झालोय.

परत आलो तर ती तशीच बसलेली. तशीच म्हणजे अगदी तशीच. मी म्हणालो, "किती वेळ रुसायचं गं?" आणि समोर गेलो. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. चहाचा कप मांडीवर सांडून लुगडं गार झालेलं. उजवा हात खुर्चीबाहेर लोंबत होता. डोळे मात्र उघडे होते आणि ती माझ्याकडं पाहत होती. तिला सगळं कळत होतं.

मी जिन्यातून ओरडत खाली गेलो. कुठल्या भाषेत ओरडलो कुणास ठाऊक, मराठीतच असेल. म्हातारी वर आली, हिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि लगेच फोन लावला. मग तिनं बायकोचा लोंबता हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मला ते सुचलं नव्हतं. ॲम्ब्युलन्स लवकर आली. मुलगी थेट दवाखान्यात पोचली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी मुलीला विचारलं, मुलीनं मला. "बाबा, कधी सुरू झालं?"

मला सांगता येईना. डॉक्टर मनगटावरचं घड्याळ पुढं करून पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, वेळ लय महत्त्वाची आहे. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते ठरावीक तासांतच देता येतं. आई सकाळी उठून शेवटचं कधी बोलली?"

"बोललीच नाही."

"मग शेवटचं कधी धड होती?"

"काल संध्याकाळी. जेवताना."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि मान हलवली. त्यांच्या हिशोबानं त्रास सुरू होऊन रात्र उलटली असू शकत होती, इंजेक्शन देणं धोक्याचं. कदाचित मी उठायच्या थोडंच आधी झालं असेल. कदाचित मी तळ्याकाठी असताना. तोंडाकडं एकदा पाहिलं असतं तर सांगता आलं असतं.

मुलीनं विचारलं, "तुमी जवळच होता ना?"

"हो," मी म्हणालो. "जवळच होतो."

तीन आठवडे आम्ही त्या दवाखान्यात काढले. तिथल्या लोकांनी काही कमी केलं नाही. मग व्हीलचेअरवर, नर्स सोबत घेऊन, हैदराबादपर्यंत विमान आणि तिथून गाडीनं परभणी. मुलगी महिनाभर राहून गेली.

बायकोचा उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला. "न्हाई." भाकरी देऊ का? न्हाई. आणि तोंड उघडायची. थंडी वाजते का? न्हाई. आणि डाव्या हातानं गोधडी ओढायची. लोक भेटायला येऊन विचारायचे, "काय पाह्यलं मावशी तिकडं?" ती म्हणायची, न्हाई. ते हसायचे. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचो.

मी तिला भरवायला शिकलो, वेणी घालायला शिकलो. ती माझ्याकडं कशी बघायची ते मला अजून उलगडलेलं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

एकदा तपासणीला ऑटोनं नेताना आठवडी बाजारात अडकलो. भाजीवाल्या, बैलगाडी, हॉर्न, भोंग्यावरची ओरड. मी ऑटोवाल्याला लवकर बाहेर काढ म्हणालो. ऑटोवाल्यानं गल्लीतून वाट काढायला हँडल वळवलं आणि ही ओरडायला लागली, "न्हाई! न्हाई! न्हाई!" डाव्या हातानं पुढचा गज धरला. ऑटोवाला घाबरला. मी म्हणालो, "थांब बाबा. इथंच थांब."

तासभर आम्ही तिथं बसलो. माणसं ऑटोला घासून जात होती. कुणाची पाटी लागली, कुणाचा कोपर लागला. एका बोरं विकणारीनं आत डोकावून विचारलं, "काय झालंय ओ मायला?" आणि मूठभर बोरं तिच्या ओटीत टाकली. बायको अर्ध्या तोंडानं हसली. तळ्याकाठचं ते गाव सोडल्यापासूनचं हे पहिलंच हसू.

मग दर आठवड्याला मी तिला बाजारात न्यायचो. औषधाची वेळ चुकली तरी बाजार चुकवला नाही. मीही तिच्या शेजारी बसून राहायचो. ते चार महिने चाललं. उन्हाळ्यात तिला दुसरा झटका आला आणि दुपारच्या जेवणाआधीच ती गेली.

मुलगी आली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आम्ही दोघंच घरात राहिलो. दुपारी ती आईच्या साड्या वेगळ्या करत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळचं ते वाक्य, पाठमोरी खुर्ची, तळ्याकाठचे दोन तास. सुखी होतो, तेही सांगितलं.

ती घड्या घालत राहिली. म्हणाली, "मला माहीत आहे. दवाखान्यात तुमचे बूट चिखलानं भरलेले होते. जवळ बसलेल्या माणसाचे बूट चिखलानं भरत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले."

मी म्हणालो, "मला वाटलं ती रुसलीय."

तिनं साडी खाली ठेवली. "रुसलेल्या माणसाकडं बघायचं नसतं का, बाबा?"

ती रडली नाही, ओरडली नाही. दोन दिवसांनी ती निघाली. स्टेशनवर पाया पडली, बर्थवर बसली, गाडी हलेपर्यंत मोबाईलमध्ये काहीतरी बघत राहिली.

रविवारी तिचा फोन येतो. जेवण कोण करतंय, गोळ्या घेता का, पाऊस झाला का. मी सांगतो. तिकडं या असं ती म्हणत नाही, मीही विषय काढत नाही. सगळं विचारून होतं. मग ती म्हणते, "ठेवते," आणि मी बरं म्हणतो.