रुख्मिणीबाईंचं रडणं

रुख्मिणीबाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते मिनाच्या लग्नात. त्या तांड्यावरच्या शाळेत शिकवायला लागून मला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. त्यांची निता माझ्याच वर्गात होती, तरी कोणी विचारलं असतं तर रुख्मिणीबाई दिसतात कशा हे मला सांगता आलं नसतं. शाळेत आल्या तर दाराच्या बाजूला उभ्या राहायच्या आणि काय हवंय ते बोटानं दाखवायच्या. तांड्यावरच्या बायका त्यांना तोंडावर 'मुकी' म्हणत.

तांडा बंजाऱ्यांचा, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून. त्यांच्यात सासरी निघण्याआधी नवरीनं ढावलो म्हणायचा असतो. याडीच्या, म्हणजे आईच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडायचं, पण गाऊन, आणि शब्द आपले आपण लावायचे. मिनाला ते जमेना. तिला सारखं हसू येत होतं.

"रड की गं," म्हातारी सक्रीबाई म्हणाली. "का नवरा आत्ताच इतका गोड लागला?"

"येतच न्हाई तर काय करू?"

"माझी सासू दोन दिवस उसनी नेली असतीस तर आपोआप आलं असतं."

बायका हसल्या. मग कोणीतरी म्हणालं, "मुकीला बोलवा." मला ती थट्टाच वाटली.

रुख्मिणीबाई चुलीपुढून उठून आल्या. हाताला पीठ तसंच होतं. त्यांनी मिनाचं डोकं खांद्यावर घेतलं, डोळे मिटले आणि डोलायला लागल्या. आवाज गोड नव्हता, कापड फाडावं तसा होता. त्यांची बोली मला तेव्हा अर्धीमुर्धीच कळायची, तरी एवढं कळलं: याडी, तुझ्या डाव्या हातातली तडकलेली बांगडी वाजली की मी उठायचे. आता परक्या तांड्यात मला कोण उठवील? मिनाच्या आईनं डावा हात पदराखाली घेतला आणि ती खालीच बसली. मिना रडायला लागली. भांडी घासणाऱ्या बाया हात तसेच राखेत ठेवून थांबल्या.

पुढं शाळेच्या दारात मी त्यांना गाठलं. "रुख्मिणीबाई, ती बांगडी तडकलेली आहे हे तुम्ही कधी पाहिलंत?"

"कोनती बांगडी?"

"मिनाच्या आईची. तुम्ही गायलात ना."

"म्या म्हनलं का तसं?" त्या ओशाळल्या. "मला न्हाई म्हाईत, बाई. डोळे मिटले की आतून कोन तरी बोलून राहिलं असं वाटतं. मी नुसतं तोंड उघडं ठेवते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. पुढं कितीतरी लग्नांत मी त्यांना ऐकलं आणि प्रत्येक वेळी हेच. दिवसभर त्यांचे डोळे कशावर ठरायचे नाहीत. बाजारात दुकानदारानं हातात काय दिलं हेही त्या बघत नसत. पण दिसलेलं कुठंतरी खाली जाऊन बसत असावं, आणि गाताना तेच वर यायचं, नीट निवडून, जागच्या जागी लावून. मी वर्गात मुलांना सांगायचे, आधी नीट बघा, लक्षात ठेवा, मग लिहा. रुख्मिणीबाईंचं यातलं काहीच नव्हतं आणि तसं वाक्य माझ्या एकाही मुलाला लिहिता आलं नाही. मलाही नाही.

तांड्यावर याबाबतीत एक रीत होती, आणि ती फार कडक होती. रडण्यात जे येईल ते रडण्यातच ठेवायचं. रडणारीनं सासूला शिव्या दिल्या, भावाचं उणं काढलं, तरी मागून तिला कोणी विचारायचं नाही, आणि तू असं असं म्हणालीस हेही तिला सांगायचं नाही. मी बांगडीचं विचारलं हे कळल्यावर सक्रीबाई मला रागावली होती. "विहिरीचा तळ ढवळल्यावर पानी प्यायला येतं का, बाई? तुमी शिकलेल्या, तुमाला सांगायला पायजे का?"

निता आईसारखी नव्हती. ती सारखी बोलायची. पाढे म्हणताना चालीवर म्हणायची आणि सगळा वर्ग तिच्या चालीत ओढायची. बारावीच्या आधीच तिचं लग्न झालं, हट्टा गावाच्या बाजूला. सासर मारकं निघालं. दोनदा ती परत आली, दोनदा तिला नेऊन घातलं. दुसऱ्या वेळी नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. मी नेमकी त्या दिवशी औंढ्याला होते, पण काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. नितेचा बाप रूपसिंग, भला आणि भिडस्त माणूस, त्यानं पंचांपुढे शब्द दिला की पुढच्या खेपेला पोर आपल्या नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, घेऊन आल्याशिवाय मी तिला उंबरा ओलांडू देणार नाही. दोन्ही तांड्यांचे पंच बरोबर म्हणाले आणि उठले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात निता कालव्यात सापडली.

सगळ्यांनी एकच सांगितलं. पोर फाट्यावर उतरून माहेरी येत होती, कालव्यावर हातपाय धुवायला वाकली, पाय घसरला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. पिशवी काठावर होती. घरी पोहोचलीच नाही, असं रूपसिंग म्हणाला. रुख्मिणीबाई त्या आठवड्यात तापानं फणफणल्या होत्या. त्यांना काहीच शुद्ध नव्हती.

त्या रडल्या नाहीत. बायकांनी गळ्यात पडून पाहिलं, नितेची ओढणी पुढ्यात आणून ठेवली, काही केल्या त्यांचं तोंड उघडेना. मग लग्नांत त्यांना कोणी बोलवेना. त्या शेतात खुरपायला जात, येत, भाकरी करत, आणि अर्धी ताटात ठेवून उठत. हाडं वर आली होती. सक्रीबाई म्हणायची, "हिचं रडणं आत सडून राहिलं. ते निघालं न्हाई तर ही जाईल."

ते निघालं प्रेमसिंगच्या मुलीच्या लग्नात. प्रेमसिंगचं घर त्यांच्या घराला लागूनच. मी नुकतीच निवृत्त झाले होते, औंढ्याहून मुद्दाम गेले होते. नवरीच रुख्मिणीबाईंकडे गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. कितीतरी वेळ नुसतीच रडत होती. मग रुख्मिणीबाई डोलायला लागल्या. मला शेजारी बसलेल्या सक्रीबाईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झालेला जाणवला.

सुरुवात त्या नवरीचीच होती. तिच्या अंगणातला कडुनिंब, तिनं वाढवलेलं वासरू. आणि मग, मध्ये श्वासही न घेता, त्या नितेवर आल्या. आतापर्यंत मला त्यांची बोली चांगली कळत होती. त्या म्हणाल्या ते असं:

उन्हाची आलीस गं, भिंतीच्या सावलीला उभी राहिलीस.
याडी म्हणालीस, मी गोधडीत होते.
बाप म्हणाला, जा, नायकाला घेऊन ये.
नायक बाजाराला गेला होता, बाई गं, नायक बाजाराला.
बापानं कडी घातली, कडी हळूच वाजली.
कडी वाजली, तुझे पैंजण वाजत गेले.
कालव्याकडं गेले, परत न्हाई आले.

पुरुषांच्या पंगतीत रूपसिंग पाणी वाढत होता. त्यानं बादली खाली ठेवली आणि तो कोणाकडे न बघता बाहेर गेला. धर्मसिंग नायक पंगतीत बसला होता, त्याचा घास हातातच राहिला. सक्रीबाईनं पुढं होऊन नवरीचं डोकं स्वतःकडे ओढलं, आपल्या थरथरत्या आवाजात पुढचं धरलं, आणि लग्न पार पडलं.

रुख्मिणीबाईंनी डोळे पुसले. "गळा सुकला," त्या मला म्हणाल्या. "चा मिळंल का, बाई?" मग घोटभर पिऊन, "आलं का मला रडणं? बरं झालं का?"

मी सक्रीबाईकडे पाहिलं. "बेस झालं," सक्रीबाई म्हणाली. "लई बेस."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. पुढच्या महिन्यांत त्यांच्या अंगावर मांस आलं. एकदा तर बाजारात मला हाक मारून हसल्या. बरं वाटायचं, आणि भीतीही वाटायची. कारण आता ती दुपार सगळ्या तांड्याला ठाऊक होती, एकट्या त्यांनाच नव्हती. तापात अर्धवट कानावर पडलेलं त्यांच्या गाण्याला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ते त्यांना कळलं तर त्या कशा जगतील, हाच प्रश्न होता. बायकांनी रीत पाळली. पोलिसांकडे कोणी गेलं नाही. दार लावलं, याचा गुन्हा तरी काय नोंदवायचा? रूपसिंग मात्र वाळत चालला.

"ह्यांना काय झालं, बाई?" त्या मला विचारायच्या. "माझ्याकडं बघून न्हाई राहिले. दारातच निजतेत."

रणजीत त्यांच्या चुलत दिराचा मुलगा. वारंगा फाट्यावर त्याचं मोबाइलचं दुकान आहे, राहतोही तिथंच. स्वभावानं लाघवी, काकींचा अभिमान असलेला. प्रेमसिंगकडच्या लग्नाच्या दिवशी त्यानं आपला मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला होता आणि पाहुणे आणायला गाडी घेऊन गेला होता. हिंगोलीत लोककलेचा काही कार्यक्रम ठरला, तेव्हा त्याला काकींची आठवण झाली. रेकॉर्डिंगची सुरुवात त्यानं ऐकली होती. पुढचं नाही.

त्या दिवशी रुख्मिणीबाई आणि मी नांदेडहून डोळे तपासून येत होतो. फाट्यावर त्यानं आम्हाला बघितलं आणि ओढूनच दुकानात नेलं.

"काकी, बसा. तुमाला तुमचा आवाज ऐकवतो. आजवर ऐकला का कधी?"

"माझा? त्यात कसा गेला?"

"जादू हाय ना माझ्यापाशी."

कशाचं रेकॉर्डिंग ते माझ्या ध्यानात येईपर्यंत त्यानं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले होते. रुख्मिणीबाई हसल्या. "काय घोगरी हाय रे ही! म्हैस वरडून राहिली जशी." हेडफोनमधून मलाही बारीक ऐकू येत होतं. कडुनिंबाचं, वासराचं त्या मान हलवत ऐकत होत्या, परक्या बाईचं ऐकावं तशा. मी रणजीतचा हात धरला. म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, "काहून, मॅडम? लई भारी हाय."

त्यांची मान हलायची थांबली.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत लाव."

त्यानं लावलं. त्याला अजून काही कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन स्वतःच काढले, नीट काउंटरवर ठेवले. "हे कोन म्हनलं?"

"तुमीच की, काकी."

"मी," त्या म्हणाल्या.

आम्ही जीपनं परतलो. तांड्यावर मी त्यांच्याबरोबरच उतरले. रूपसिंग ओट्यावर दोरी वळत होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"निता घरी आल्ती?"

त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे, मग त्यांच्याकडे. "व्हय."

"मला काहून उठवलं न्हाई?"

"तू उठली असतीस तर सोडलं नसतंस तिला." दोरी त्याच्या हातात तशीच होती. "शब्द दिला होता म्या. म्हनलं, नायकाला घेऊन आली की बराबर होईल सगळं. पाचशे पावलांवर त्याचं घर. मला काय म्हाईत तो बाजाराला गेला?"

"पानी दिलं का तिला?"

रूपसिंग पुन्हा दोरी वळायला लागला. रुख्मिणीबाई आत गेल्या आणि चूल पेटवली. मी तिथं थांबण्यात अर्थ नव्हता.

भांडण झालं नाही. निता घसरली की तिनं उडी घेतली, हे कोणालाच कधी कळणार नाही, आणि त्याबद्दल त्या दोघांत एक शब्दही झाला नाही, असं सक्रीबाई सांगायची. रणजीत येऊन पायावर डोकं ठेवून गेला. रुख्मिणीबाईंनी त्याला उठवलं आणि म्हणाल्या, "तुझं काय चुकलं, लेकरा." रेकॉर्डिंग त्यानं पुसून टाकलं. कार्यक्रमाचं नाव कोणी काढलं नाही.

पुढच्या लग्नसराईत सक्रीबाईच्या नातीचं लग्न निघालं. म्हातारीनं स्वतः जाऊन त्यांना बोलावलं. मी होते. रुख्मिणीबाईंनी पोरीला खांद्यावर घेतलं, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं सुरू केलं. याडी, तुझं अंगण सुटलं. बापू, तुझी सावली सुटली. चाल बरोबर होती, शब्द बरोबर होते. असे शब्द कुठलीही बाई म्हणते. नवरी रडली, कारण नवरीला रडायचंच होतं. मधेच त्यांनी डोळे उघडले आणि इकडेतिकडे पाहिलं. रस्ता चुकल्यासारखं.

नंतर मांडवामागे त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बाई, आता मला आधीच कळतं पुढचं काय येनार ते," त्या म्हणाल्या. "आत ती बोलनारी बसली हाय ना, तिला मी भिऊन राहिले. ती अजून काय सांगंल म्हाईत न्हाई. म्हनून दार लावते."

मी त्यांचा हात धरला. पीठ नव्हतं हाताला. चुलीपुढं त्या बसल्याच नव्हत्या त्या दिवशी. दुसऱ्या बायकांनी त्यांना बसू दिलं नव्हतं, पाहुणी असल्यासारखं.

त्या वर्षीच त्यांनी तांडा सोडला. रूपसिंगनं अडवलं नाही. आता त्या वसमतला धाकट्या बहिणीकडे राहतात. तिथल्या एका हळदीच्या गोदामात सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत हळकुंडं निवडतात.