दुसरी खुर्ची

आत्यानं तीस वर्षं डॉक्टरांच्या मासिकाची प्रुफं तपासली. औषधाचा डोस आला, की समोरच्या खुर्चीतल्या बाई मूळ लेखातला आकडा मोठ्यानं वाचायच्या आणि आत्या छापील आकड्यावर बोट ठेवून ताडायची. मग कॉम्प्युटर आला आणि नव्या संपादकांनी ती खुर्चीच हलवली. “एकटीला जमतं की!” म्हणे. कप्पाळ जमतं! तेव्हापासून आत्याची झोप उडाली.

काल माझ्या लेकीला अ‍ॅडमिट केलं. डोस बघायला डॉक्टरबाईंनी तेच मासिक उघडलं, तशी आत्या पांढरीफटक पडली. “थांबा!” म्हणत तिनं संपादकांना फोन लावला आणि बोट आकड्यावर ठेवलं.

“साहेब, मूळ लेख काढा आणि डोस मोठ्यानं वाचा. इंजेक्शन माझ्या नातीला द्यायचंय.”