कोंबडीच्या दुकानाचे सदरे

समस्त रहिवासी, भाविक, उपवास करणारे आणि डॉक्टरांनी तेलकट बंद केलेले सर्व सज्जन यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं, की आमच्या वस्तीत कोंबडी येऊन पोहोचली आहे. ती स्वतःच्या पायांनी आलेली नाही. काचेच्या दुकानातून, लाल पाटीखाली, तेलात बुडून आणि कागदी बादलीत बसून आली आहे. ज्यांना शोक व्यक्त करायचा असेल त्यांनी रांगेत यावं. रांग पार्कच्या फाटकापर्यंत गेली आहे.

त्या रांगेत आमच्या भजनी मंडळातले दोघे मला पहिल्याच रविवारी दिसले. एकानं मला बघून मोबाइल कानाला लावला. दुसऱ्यानं, नातवासाठी नेतोय, असं मी न विचारताच सांगितलं. नातवाला अजून दात आलेले नाहीत.

आता हे सगळं मी हसत सांगते आहे, कारण मला दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं सांगता येत नाही. गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे आणि तिच्यात हसण्यासारखं फारसं नाही.

आम्ही म्हैसूरचे शिंपी. विठ्ठलाची माणसं. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात बोलतो ती मराठी, पण तिच्यात दर तिसरा शब्द कन्नड. अण्णाचं, म्हणजे या भावाचं, दुकान या वस्तीत, एका बसक्या इमारतीच्या तळमजल्यावर. शेजारी किराणा होता, त्याच्या पलीकडे इडली-कॉफीचं हॉटेल. अण्णा शाळेचे गणवेश शिवायचा, मी दुपारी जाऊन काजं-बटणं करायची. मग शाळाच तयार कपडे विकायला लागल्या. अण्णाकडे उरलं ते पँट खाली सोडणं आणि चेन बदलणं. किराणा गेला, हॉटेल गेलं, त्या दोन्ही जागा एक करून कोंबडीवाले आले, आणि इमारतीच्या मालकानं अण्णाला सांगितलं की त्यांना माल ठेवायला अजून एक खोली हवी आहे. म्हणजे अण्णाची. मालक वाईट नव्हता. दसऱ्यापर्यंत काही मोठं काम मिळालं तर राहा म्हणाला, नाहीतर बघू. 'बघू'चा अर्थ आम्हाला दोघांनाही कळला.

अण्णा कोंबडीकडे पाहायचासुद्धा नाही. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाणीदेखील मोजून. पण त्यांचं दुकान उघडण्याआधीच एका सकाळी कोंबडीच आमच्या दुकानात आली, म्हणजे तिचा मॅनेजर आला. तरुण, गुटगुटीत, टाय लावलेला. पँट कमरेत घट्ट होते आहे म्हणाला, हिंदीत. अण्णानं टेप लावला.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. माप मोठ्यानं सांगायचं, पण मराठीत, म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्या पोटाचा आकडा कळत नाही आणि चारचौघांत त्याची लाज राहते. अण्णा नेहमीप्रमाणे मला म्हणाला, "पोट बेचाळीस, आणि अजून वाढणार हे."

"काका," मॅनेजर मराठीत म्हणाला, "पोरी बघणं चाललंय माझं. चाळीस लिहा ना."

अण्णाच्या हातातला टेप गळून पडला. मग तो जो हसला, तसा मी त्याला कित्येक वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. पोरगा साताऱ्याकडचा निघाला. त्याची मराठी एकदम स्वच्छ, आमची ऐकून त्याला मजा वाटली. अण्णानं कॉफी मागवली, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली, पोरींचा विषयसुद्धा निघाला. आपला माणूस, असं अण्णा दिवसभर म्हणत राहिला. आणि इथेच चूक झाली. महाराष्ट्रातून आलेलं कुणी दोन वाक्यं मराठी बोललं की आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांना तो घरचाच वाटतो, आणि घरच्या माणसाला कुणी अटी विचारत नाही.

दोन दिवसांनी तो काम घेऊन आला. उद्घाटन तोंडावर, वरून येणारे गणवेश अडकलेले; काका, आमच्या पोरांचे सदरे आणि पँटी शिवाल का? ऑफिसला आवडले तर शहरातल्या बाकीच्या दुकानांचंही काम मिळेल. अण्णानं नमुना मागितला नाही, साइज विचारली नाही, लिहून घेतलं नाही. पोरांना माझ्याकडे पाठव, एवढंच म्हणाला.

भजनी मंडळात खळबळ माजली. माळकऱ्यानं कोंबडीचे कपडे शिवावेत का, यावर भजनापेक्षा जास्त वेळ चर्चा झाली. अण्णानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मी पोरांचे शिवतोय, कोंबडीचे नाही, असं सांगून टाळ उचलले.

मग पोरं आली, कामाला लागण्याआधी एकेक करून. कुणी सरगूरचं, कुणी बेट्टदपूरचं, शेतकऱ्यांची, सगळी काटकुळी. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही हा आमच्या वडिलांचा नियम, आणि माप म्हणजे नुसता टेप नव्हे. अण्णा एकेकाला उभं करून विचारायचा: डाव्या हातानं काम करतोस का, वाकावं लागतं का, घाम फार येतो का. एक मुलगी माप देताना सारखी हसत होती. विचारलं तर म्हणाली, जन्मात तिच्यासाठी कुणी कपडा शिवला नव्हता, सगळं बाजारातून आणलेलं किंवा बहिणीचं. त्यावर अण्णानं तिचं माप पुन्हा एकदा घेतलं, पहिलं बरोबर असूनही.

गणवेश शिवताना आम्ही कुशीत, म्हणजे बाजूच्या शिवणीत, दोन बोटं कापड जास्त आत ठेवतो, पँटच्या पायातही दुमडून ठेवतो. मुलं वाढतात, मग उसवून सोडता येतं. अण्णानं या पोरांनाही तसंच केलं. वर्ष-दोन वर्षं इथे खातील, भरतील अंगानं, म्हणाला. मी म्हटलं, अण्णा, ती शाळेत नाहीत. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच मूर्ख. आणि प्रत्येक कॉलरच्या आत काळ्या दोऱ्यानं ज्याचं त्याचं नाव घातलं.

उद्घाटनाला मी गेले, कारण असा तमाशा मी सोडत नाही. फुगे होते, कोंबडीचा पोशाख घातलेला एक माणूस नाचत होता आणि घामानं मरत होता. आणि काउंटरमागे ती पोरं. काय सांगू. खांदा खांद्यावर, बाही मनगटाला, पाठीला एक सुरकुती नाही. बाजारात उभी असलेली पोरं नव्हेत, कुणीतरी आवडीनं सजवून पाठवलेली पोरं दिसत होती. अण्णा रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होता. आत काही आला नाही. दुकान वाचलं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि मलाही तसंच वाटलं.

मग पोरं जायला लागली. एक मोबाइलच्या दुकानात गेला, एक बेंगळुरूला. ती हसणारी मुलगी गावी गेली ती आलीच नाही. त्यांच्या जागी नवी आली, आणि जुन्यांचे सदरे नव्यांना होईनात. लांब हाताच्याला आखूड बाही, जाड्याला बारीक पँट. अण्णाला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. पाठवा, नव्यांचं माप घेतो, म्हणाला.

पाठवलं ते ऑफिसच्या माणसाला. तो बेंगळुरूहून आला होता, बोलायला अगदी सभ्य. त्यानं सदरा उलटा करून बघितला, कॉलरमधलं नाव बघितलं आणि विचारलं, यांच्यात स्मॉल कुठला, मीडियम कुठला? अण्णानं सांगितलं, हा त्या सरगूरच्या पोराचा, हा बेट्टदपूरच्याचा. तो माणूस म्हणाला की पोरगा गेला की कपडा पुढच्याला द्यायचा असतो. अण्णा म्हणाला, पोरगा जाईल तर त्याचे कपडे त्याच्याबरोबर जातील, दुसऱ्याला कसे होतील? दोघंही एकमेकांकडे खरोखर न कळून बघत होते. मी काजं करायची थांबले. मॅनेजर मध्ये उभा राहून बूट बघत होता.

पुढच्या आठवड्यात वरून गठ्ठे आले, तयार. शिवलेले सदरे परत आमच्याकडे आले, धुतलेलेसुद्धा. मॅनेजरनं येऊन अण्णाचे पाय धरले, काका, माझ्या हातात नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं; महिन्याभरात त्याचीही बदली झाली. अण्णानं ते सदरे घरी नेऊन दोरीवर टांगले. का, ते विचारलं तर म्हणाला, चुरगळतील. वहिनीला साडी वाळत घालायला जागा उरली नाही.

दसरा झाला. मालकानं बोलावलं, तेही त्या कोंबडीच्या दुकानातच, कारण तिथे एसी आहे. अण्णाचा पाय पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत पडला. मी बरोबर होते. दुकान भरलेलं होतं. आमचे मृदंगवाले कोपऱ्यात बायकोला समोर बसवून टांग चावत होते, आम्हाला बघून त्यांनी ती रुमालाखाली ठेवली. मालकानं आमच्यासाठी थंड मागवलं. अण्णानं घेतलं नाही. किल्ली टेबलावर ठेवली, मालकानं ती उचलली, हळूच, जणू गरम होती. तुमच्यासारखा शिंपी आता नाही, असं काहीतरी म्हणाला. अण्णा मान हलवत राहिला. सकाळपासून तो एक शब्दही बोलला नव्हता. मशीन टेंपोत चढवतानाही नाही.

तेवढ्यात एक नवा पोरगा आमचं टेबल पुसायला आला. तयार गणवेशातला. खांद्याची शिवण दंडाच्या अर्ध्यावर उतरलेली, बाहीत हात शोधावा लागत होता, कॉलरमध्ये अजून एक मान मावली असती. तो वाकला तशी सदऱ्याची कड मालकाच्या ग्लासात बुडाली. अण्णा उठून उभा राहिला. त्यानं त्या पोराचे दोन्ही खांदे धरून शिवण वर ओढून जागेवर आणली, सोडली, ती पुन्हा घसरली. आणि सगळं दुकान ऐकेल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला:

"अय्यो, कोणाचे कपडे घालून उभा आहेस रे तू?"