लाइट डिव्हिजनवाले नाना

पुंजूनाना जर्मनांच्या एका लाइट डिव्हिजनबद्दल असं बोलायचे, जसं बाकीचं गाव सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलतं. ती कुठून निघाली, कुठे अडली, कुठे तिचे हाल झाले, सगळं तोंडपाठ. धुळे-अमळनेर रस्त्यावरच्या त्या गावात मी शाळेवर रुजू झाले आणि नानांची पुढची खोली भाड्याने घेतली. वळकटी अजून खाली ठेवली नव्हती, तोच त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही इतिहास शिकाडतस ना? मंग जर्मनसनी लाइट डिव्हिजन माहीत व्हई." मला माहीत नव्हती. असली कसली इतिहासाची बाई, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

महायुद्धात नाना आफ्रिकेच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवत होते. त्यांच्या बाजूला गावचाच शंकर बसायचा. दोघे एकाच दिवशी भरती झाले होते. संध्याकाळी नाना ओट्यावर भुईमुगाच्या टरफलांची लढाई मांडत. हा समुद्र, ही डांबरी सडक, हे आपले ट्रक. मग तळहाताने एका बाजूची टरफलं सरकवत सरकवत सडकेवर आणत आणि म्हणत, "लाइट म्हनजे कमजोर नही बरं. सामान कमी, पाय जास्ती. आज आठे, सकाय तठे." शत्रूचं इतकं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी एकदा थट्टेने म्हटलं, "नाना, तुम्ही नक्की कुणाकडून लढलात?" त्यावर ते हसले नाहीत. "डिव्हिजन कोठे शे ते समजनं, का मानूस कोठे शे तेबी समजस," एवढंच म्हणाले.

माणूस म्हणजे शंकर, हे मला सरूअक्कामुळे कळलं. ती त्याची बायको, समोरच्याच घरात एकटी राहायची. साठी उलटली होती, पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. दर सणाला ती ओट्याच्या पायरीशी येऊन विचारी, "नाना, आते कोठे शेतस त्या?" त्या म्हणजे ते, तिचा नवरा. मग नाना सांगत. लाइट डिव्हिजनने त्याला जिवंत धरला, बोटीने इटलीत नेला, तिथून वर डोंगरात, मग जर्मनीत. लढाई संपली, जर्मनीची वाटणी झाली, मधे भिंत आली, कैदी पलीकडच्या भागात अडकले. "थंडी शे वहिनी, पन खावाले देतस." ती मान डोलवायची आणि समाधानाने घरी जायची. सरकारने केव्हाच शंकरला मयत धरून पेन्शनचा कागद पाठवला होता. तिने त्यावर अंगठा दिला नाही. जिवंत नवऱ्याची पेन्शन घेऊ का, म्हणाली, आणि जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचला.

मी सुट्टीत जळगावला माहेरी गेले की नाना एकच काम सांगत, वाचनालयात त्या डिव्हिजनबद्दल काही सापडतं का बघा. एकदा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. मी त्यांना मराठी करून सांगितलं की ती डिव्हिजन पुढे ट्युनिसला शरण आली, नंतर त्याच नंबरची दुसरी उभी केली, ती इटलीत लढली आणि तिथेच संपली. मला वाटलं, नाना खूश होतील. त्यांनी उघडलेली चंची पुन्हा मिटली. "संपनी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "अक्काले सांगू नका," ते म्हणाले आणि आत गेले.

मग ती बर्लिनची भिंत पडली. सरपंचांच्या घरच्या टीव्हीवर सगळ्या गावाने पाहिली. लोक भिंतीवर चढून नाचत होते, हातोड्यांनी ती फोडत होते. आमच्या गावात त्या भिंतीचं कुणाला काही देणंघेणं नव्हतं, एका सरूअक्काशिवाय. ती गल्लीतून ओरडत आली, "नाना, भित पडनी! आते सोडतीन त्यासले!" इतक्या वर्षांत मी तिला पळताना पाहिलं नव्हतं. नानांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

त्या हिवाळ्यात सरूअक्काने घर सारवलं, भिंतींना चुना लावला, दोन नवी धोतरं आणून ट्रंकेत ठेवली. धुळ्याची एसटी आली की स्टँडवर जाऊन उतरणाऱ्या म्हाताऱ्यांची तोंडं निरखायची. गावातली पोरं हसायला लागली. "नाना, मुंबईले जा ना. बोटवरथीन उतरतीन तं त्यासले रस्ता सापडनार नही," असं तिने सांगितलं, तेव्हापासून नानांचं जेवण तुटलं. सून ताट वाढायची, नाना भाकरीचा तुकडा मोडून कुत्र्याला टाकायचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, कुंभारवाड्यात घागरींच्या चळती लागल्या. आमच्या खानदेशात आखाजीला प्रत्येक घर आपल्या मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतं. त्याच दिवसांत एका दुपारी नाना माझ्या दाराशी आले. "बाई, समोर जानं शे. तुम्ही संगे चला. एकटाले पाय उचलतस नही."

सरूअक्का तांदूळ निवडत होती. नाना बसले नाहीत. टोपी काढून हातात धरली. "वहिनी, शंकरले कोनीच धरी लई गयं नही. लाइट डिव्हिजननी सडक कापी, आम्हना ट्रक पेटना. शंकरनी मन्हा मांडीवर जीव सोडा."

सूप तिच्या मांडीवरच राहिलं. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल. तिने विचारलं, "पानी मांगं का त्यासनी?"

"मांगं. दिनभर मांगं."

"तुनाजोडे नव्हतं?"

"व्हतं." नाना म्हणाले. "पोटमा गोळी लागेल व्हती. पोटमा लागं का पानी देवानं नही, आसं डाक्टरनी शिकाडेल व्हतं. मी ऐकं वहिनी. तो वाची जाई म्हनीसन मी ऐकं. मंग तो गया, आनि ते पानी मी पिनू."

घरी परतलो तर तुम्ही माझ्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन दारात उभ्या होतात, नाना म्हणाले. कपाळावर ताजं कुंकू होतं. तो लोटा हातात घेऊन मेला म्हणायला जीभ उचलली नाही, धरून नेला एवढंच तोंडातून निघालं. मग दर सणाला त्याला पुढच्या मुक्कामी न्यावं लागलं. "आखाजीले गावना बठ्ठा पितरसले पानी भेटस. शंकरच बिगरपानीना शे. मन्हामुळे." आणि माझ्यादेखत तो पहाडासारखा म्हातारा तिच्या उंबऱ्यावर डोकं टेकून रडला. मला तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना.

"जा आते," सरूअक्का म्हणाली. त्यानंतर तिने दार लावून घेतलं. ती एसटी स्टँडवर दिसली नाही, नानांकडे तिने पाहिलं नाही. नाना ओट्यावर बसायचे, पण टरफलं मांडायचे नाहीत.

आखाजीच्या सकाळी तिने मला हाक मारली. दारात नवी घागर होती, वर खरबूज ठेवलेलं. पितरांच्या नावाने उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उमटवायची असतात. तिने सासऱ्याचं बोट उमटवलं, सासूचं उमटवलं, आणि मग थांबली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. "शंकर," ती म्हणाली, इतकं हळू की मला जेमतेम ऐकू आलं. बोट उमटवलं आणि तोच हात पदराला पुसून तिने आपलं कपाळ पुसलं. मला तिच्याकडे बघवेना.

पुरणपोळी झाली होती, रस काढला होता. आता पितर जेवू घालायचा होता. मेलेल्याच्या जागी कुणीतरी पुरुष माणूस पाटावर बसवतात, तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. मला वाटलं, भावकीतलं कुणी बोलावलं असेल. सरूअक्का म्हणाली, "बाई, नानाले बलाई आना. म्हना, पितर बसनं शे."

नाना आले. पाटावर बसले, ताटाला हात लावेनात. सरूअक्काने घागरीतून तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला. नाना मान हलवत राहिले. "पी नाना," ती म्हणाली. "आज तू नही पी राहिना, त्या पी राहिनात."

नानांनी दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी मिशांवरून, गळ्यावरून, सदऱ्यावर सांडत होतं. तांब्या रिकामा झाला, तसा त्यांनी लहान मुलासारखा पुढे केला.

"आखो दे, वहिनी," ते म्हणाले. "आखो दे."

ती भरत राहिली.