लाडवांचा डबा कुणाचा?

"लाडू मीच केले व्हते," शिवराजची आई पुन्हा म्हणाली. चाकूरला तिच्या स्वयंपाकघरात मी बसले होते. तिचा मुलगा आखातातल्या जेलमध्ये, ड्रग तस्करीची शिक्षा भोगत. त्याच्या सामानात सापडलं काय? डिंकाच्या लाडवांचा डबा आणि त्यात खसखशीची पुडी. आपल्याकडे ती कुठल्याही किराणा दुकानात मिळते. तिकडे अफूच्या बोंडातली म्हणून बंदी. "डबा माझाच," असं शिवराजनं कोर्टात स्वतःच सांगितलं, मग वकील तरी काय बोलणार?

नांदेडच्या ऑफिसात संपादक म्हणाले होते, "कबुली दिलीय त्यानं. स्टोरी कुठाय?"

"सर, एक दिवस द्या."

"एकच."

मला ते लाडू खटकत होते. डिंक, वर जास्तीची खसखस, हे बाळंतिणीचं खाणं. शिवराजचं तर लग्नही झालेलं नाही.

"मावशी, तिकडं बाळंतीण कोण?"

तिनं पदर डोळ्याला लावला. "जळकोटच्या विहीणबाईची पोरगी. डबा त्यांनीच दिला व्हता, मी न्हाई. पर नाव छापू नका, ताई. माझी लेक त्या घरात नांदतीय."

म्हणजे बहिणीच्या सासरचं नाव येऊ नये म्हणून या शहाण्यानं गुन्हा अंगावर घेतला होता. मला राग आला आणि भरूनही आलं.

"लेकीचं घर सांभाळाल. पोराचं काय?"

तिनं चूल विझवली. "चला. मी बी येते."

आमच्या धंद्यात सोर्सच्या, म्हणजे माहिती देणाऱ्याच्या, संमतीशिवाय पुढं जाता येत नाही. ती मिळाली. एसटीनं जळकोट गाठलं.

विहीणबाई शेंगा फोडत होत्या. शिवराज व्हिसाच्या भानगडीत अडकलाय, एवढंच त्यांना सांगितलेलं. खरं ऐकताच त्या उठल्याच.

"डबा मीच भरला, मीच बांधला! पोरानं उघडून बी बघितला न्हाई. आन् इतके दिस मला सांगितलं न्हाई? आमी काय राक्षस हाव का, विहीणबाई?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी शेंगा खात बसले, दुसरं काय करणार.

लातूरला विहीणबाईंनी अफिडेव्हिट केलं, म्हणजे शपथेवर लेखी जबाब दिला. तिकडे त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन वकिलाकडे गेली. अपिलात कोर्टानं मानलं की बांधलेल्या डब्यात काय आहे ते शिवराजला माहीत नव्हतं. शिक्षा रद्द झाली.

परतल्यावर मी त्याला झापलंच. "खरं सांगायला काय झालं होतं?"

"सोयऱ्याचं नाव कोर्टात कसं घ्यायचं, ताई?" तो म्हणाला. बहीण शेजारीच त्याचा हात धरून बसली होती.

तेव्हापासून कुणी गुन्हा कबूल केला की, ती कबुली कुणासाठी दिली, हे मी आधी विचारते.