साप नसलेलं रान

ओल्या कुत्र्याचा वास आला की मला आयर्लंडमधल्या एनिस गावाजवळचं ते रान आठवतं. शेजारचे आजोबा आपली शिकारी कुत्री घेऊन निघाले होते आणि नागपूरकडून आलेले माझे बाबा तिच्यापुढे गवतात काठी आपटत चालले होते, कारण गावी त्यांचा कुत्रा घोणस चावून मेला होता. आजोबा हसले, "आयर्लंडात सापच नाहीत हो!" तेवढ्यात कुत्रीनं कुंपणाशी पडलेलं मांस गिळलं. त्यात कोल्ह्यांसाठी विष घातलं होतं, आजोबांच्याच भावानं. ती बाबांच्या मांडीवर तडफडून मेली. भाऊ येऊन म्हणाला, "बांधून ठेवायची होती." परतताना बाबा एवढंच बोलले, "साप तरी भिऊन चावते रे." तो भाऊ मला अजून रस्त्यात भेटतो, गाडीतून हात करतो, आणि मीही करतो.